दहा वर्षं टिकणारी पँट

रियाधच्या आमच्या घरात, कपाटाच्या एका टोकाला, बर्फावर घालायची एक काळी पँट टांगलेली आहे. डाव्या पायाला घोट्यापाशी थोडी खरचटली आहे, बाकी नवीकोरी म्हणावी अशी. दोन हिवाळे तिने पाहिले. वाळवंटात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईच्या कपाटात ही कशाला, असं घरी येणारी प्रत्येक मैत्रीण विचारते. मी सांगते, लेक जॉर्जियात डॉक्टरकी शिकते, तिच्याकडे गेलं की लागते. ते खरंच आहे. पण ती पँट घेण्यावरून आमच्यात पंधरा दिवस जी हमरीतुमरी झाली, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

वाद तसा साधा होता. नवऱ्याला माझ्यासाठी दहा वर्षं टिकेल अशी पँट घ्यायची होती. मला तीन दिवस टिकली तरी पुरणार होती. तोंडाने आम्ही पँटबद्दल बोलत होतो आणि मनात दोघांच्याही एकच हिशेब होता, की मी अजून किती दिवस आहे.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग सहा महिने केमो. मग दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि वर्षभराने तो मोठा स्कॅन, ज्याच्यावर सगळं ठरणार होतं. त्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टरीणबाई इजिप्तच्या, भरपूर बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्या बराच वेळ नुसत्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग चष्मा कपाळावर सरकवला, पीठ झटकावं तसे दोन्ही हात एकमेकांवर झटकले, आणि म्हणाल्या, "खलास!"

आता अठरा वर्षं मी या देशात राहते. खलास म्हणजे झालं, संपलं, आता काही बाकी नाही, हे मला कोणी शिकवायला नको. भाजीवाला पिशवीला गाठ मारून खलास म्हणतो, इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं की कारकून खलास म्हणतो, वर्गात फळा पुसताना मीही म्हणते. पण त्या दिवशी त्या खुर्चीत माझे कान एकदम माहेरी, इचलकरंजीला गेले. आमच्याकडे माणूस खलास झाला म्हणजे तो गेला. मी नवऱ्याकडे पाहिलं तर तो हसत होता. मला वाटलं, हा माणूस हसतोय कसा? अठ्ठावीस वर्षं संसार केला याच्याशी, आणि हा हसतोय!

गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, "किती महिने म्हणाल्या?"

"कसले महिने?"

"त्या खलास म्हणाल्या ना."

त्याने गाडी बाजूला घेतली, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि मला समजावून सांगितलं. गाठ गेली. रक्त चांगलं आहे. स्कॅन स्वच्छ आहे. रोग खलास, तू नव्हे. मग दोघंही हसत सुटलो, इतके की शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या मुलांनी काचेला नाकं लावली. त्याचा जीव तिथेच भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही. डोक्याला पटलं होतं, पण कानात एकदा जे शिरलं होतं ते काही केल्या बाहेर निघेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी प्रत्येक चांगली बातमी फुंकून घेत होते.

"आता आपण बर्फात जायचं," गाडी सुरू करता करता तो म्हणाला.

बर्फच का, याला कारण होतं. माझ्या केमोतल्या एका औषधाने थंड वस्तूला हात लागला की बोटांतून विजेचा झटका जायचा. गार पाणी प्यायले तर घशात काचा गेल्यासारखं वाटायचं. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन आणि मी स्वयंपाकघरात लोकरीचे हातमोजे घालून फ्रिजमधून दूध काढत्येय, असा तो उन्हाळा गेला. पुढे हिवाळ्यात लेक तिबिलिसीहून व्हिडिओ कॉल करायची आणि पाठीमागे तिच्या खिडकीत बर्फ दिसलं तरी मी फोन थोडा लांब धरायची. औषध थांबल्यावर हळूहळू ते झटके गेले. मोजे मात्र फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर टांगलेले राहिले.

लेकीने बेत ठरवून टाकला. तिच्या गावापासून दोन तासांवर बर्फाचे डोंगर आहेत. ती तीन वर्षं तिथे स्कीइंग शिकत होती. पहिले दोन दिवस आम्ही रिसॉर्टमध्ये राहायचं, लहान मुलांच्या उतारावर पडत-उठत शिकायचं. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक घेऊन रिसॉर्टच्या मागे, जिथे वर नेणारे पाळणे नाहीत, दोर नाहीत, तिथे पायाला जाळीच्या रुंद पट्ट्या बांधून चालत जायचं. ती आणि तिच्या मैत्रिणी स्कीवर चढणार, आम्ही पायांनी. इकामा असला की जॉर्जियाला व्हिसाचीही कटकट नाही. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, वर स्वतःच्या भाच्याचे बर्फातले फोटोही दाखवले. मला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

नवरा बँकेत संगणकाच्या खात्यात आहे. कोणताही निर्णय त्याला तक्त्याशिवाय घेता येत नाही. आम्ही सांगलीला एकाच वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. लग्नाआधीसुद्धा त्याने माझ्या आणि दुसऱ्या एका मुलीच्या गुणांचा तक्ता केला असणार असा माझा संशय आहे. तर त्याने पँटींचा तक्ता केला. कापड किती पाणी अडवतं, घामाची वाफ किती बाहेर सोडतं, चेन कुठे, खिसे किती. शेवटचा रकाना होता 'अंदाजे आयुष्य'. त्यात त्याने दहा वर्षांच्या खालच्या सगळ्या पँटी लाल केल्या होत्या.

मी म्हटलं, "तीन दिवसांसाठी? नाकापेक्षा मोती जड झाला. बत्ह्याच्या बाजारात जाऊ, काहीतरी मिळेल."

शुक्रवारी दुपारी बत्ह्याला गेलो. तिथे श्रीवर्धनकडच्या एका चाचांचं कामगारांच्या कपड्यांचं दुकान आहे. हेल्मेट, बूट, डांगऱ्या, रेनसूट, सगळं छताला लोंबत असतं. आमची ओळख जुनी. मराठी ऐकलं की चाचांची कळी खुलते आणि चहा येतो.

"बर्फात जातंय? तुमी?" त्यांनी डोळे मोठे केले. "जावा, जावा. बरं हाय ना आता तब्येतीला? मग बर्फ म्हंजे काय वो वहिनी, मोठा फ्रीजरच." त्यांनी वरून एक निळी पँट काठीने काढली. पायांना नारिंगी चमकते पट्टे. "ही बगा. मटणाचं कोल्ड स्टोरेज असतं ना, तितली माणसं धा-धा तास ह्याच पँटीत उभी ऱ्हातात. कोण नाय मेला अजून."

मला ती पँट पाहताक्षणी आवडली. जाड, मजबूत, आत भरपूर भरण, आणि दिखाऊपणा अजिबात नाही. नवऱ्याने तिचं लेबल शोधलं. लेबलावर एकही आकडा नव्हता, त्यामुळे त्याचा चेहरा पडला. मी तिथल्या तिथे घेऊन टाकली. चाचांनी पिशवीत दोन जोड पायमोजे फुकट घातले.

घरी येऊन ती चढवली आणि लेकीला कॉल लावला. आधी ती पोट धरधरून हसली.

"आई, तू ट्रॅफिक कोन दिसतेयस! प्लीज, ही घालून माझ्या फ्रेंड्ससमोर येऊ नकोस."

"उबदार आहे. तुझ्या मैत्रिणींपेक्षा मला ऊब महत्त्वाची."

"ओके. मग एक टेस्ट कर. आत्ता ही घालून बिल्डिंगच्या पायऱ्या चढ. चारही मजले. लिफ्ट नाही. बाबा, तुम्ही फोन धरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी निघाले. तळमजल्यावर इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, झाडांना पाणी घालत होता. निळी पँट, नारिंगी पट्टे, मागे फोन धरलेला साहेब, असा लवाजमा बघून त्याने विचारलं, "मॅडम, लिफ्ट खराब?" मी मान हलवली आणि चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पाठ ओली झाली. तिसऱ्यावर गुडघ्यामागून पाण्याचे ओघळ वाहायला लागले. चौथ्यावर पोचले तेव्हा आतलं अस्तर चिंब होतं, पिळलं असतं तर तांब्याभर घाम निघाला असता.

"सी? बघितलंस ना?" लेक फोनमधून म्हणाली. "ती माणसं फ्रीजरमध्ये नुसती उभी असतात. आपण तिसऱ्या दिवशी तीन तास चढणार. घाम येणार, मग थांबलो की तोच घाम गार होणार. मग तू आजारी पडणार. रिसॉर्टमध्ये भाड्याने मिळतात त्या पण अशाच, आत भरलेल्या. पाळण्यात बसून वर जायचं, खाली यायचं, त्याला बऱ्या. चढायला आतून रिकामी लागते. नुसतं वरचं टणक कापड, मांडीला चेन, उकडलं की उघडायची. ऊब आतल्या पातळ कपड्यातून घ्यायची. अशी एक पँट दोन्हीकडे चालते. म्हणजे..." तिचा मराठीचा साठा संपला. "आई, तू ऐकतेयस ना?"

मी ऐकत नव्हते. मी जिन्याच्या कठड्याला धरून खाली बघत होते. ऑपरेशननंतर मी एक मजलासुद्धा चढले नव्हते, आणि आता न थांबता चार मजले चढून आले होते. धाप लागली होती, पण ती साधी, धडधाकट माणसाला लागते तशी. मला इतका आनंद झाला की मी त्या ओल्या पँटीसकट चौथ्या मजल्यावरच्या अनोळखी लोकांच्या दारात फतकल मारून बसले. नवऱ्याला काही कळेना. तो पाणी आणायला धावला.

आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने पुन्हा तक्ता काढला आणि मी पुन्हा म्हटलं, "एवढं कशाला? तिसऱ्या दिवशी मी हॉटेलात बसते. तुम्ही दोघं जा. मला कशाला आता असल्या वस्तू?"

तो चिडत नाही सहसा. त्या दिवशी ताटावरून उठला, स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. दोन किलोची.

"हे काय आहे?"

"तांदूळ."

"आपल्या घरात कायम वीस किलोचं पोतं असायचं. वर्षभर तू दोन दोन किलो आणतेस. शाम्पूची छोटी बाटली, मिरचीपूड छोटी, तुझ्या चपलांचे अंगठे तिसऱ्यांदा शिवून आणलेस. मला दिसत नाही असं वाटतं का तुला?"

मला वाटत होतं. खरं सांगते, मला वाटत होतं की हे माझं मला गुपचूप ठेवता आलंय. जे संपवायला मी असेन की नाही ठाऊक नाही ते आणू नये, असा मी नियम केला होता, आणि तो कोणाला न दुखवता पाळत होते. आता तो तांदळाच्या पिशवीच्या रूपाने ताटासमोर बसला होता. मला लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं, सगळं एकदम. मी म्हटलं, "जेव आधी, आमटी गार होतेय." तो जेवला. पिशवी टेबलावरच राहिली. शेवटी मी म्हटलं, "शनिवारी जाऊ तुझ्या त्या दुकानात."

खेळांच्या सामानाचं ते दुकान शहराच्या उत्तरेला एका मॉलमध्ये आहे. बर्फाचा विभाग म्हणजे मागच्या भिंतीला दोन रांगा. तिथे गिऱ्हाईक बघायला पन्नाशीचे एक नेपाळी गृहस्थ होते. तरुणपणी डोंगरावर लोकांचं सामान वाहिलेलं, त्यामुळे बोलणं मोजकं आणि कामाचं. नवऱ्याने तक्ता उघडला. त्यांनी तो नम्रपणे पाहिला आणि बाजूला ठेवला.

"सर, पैंट पानी से नहीं फटती," ते म्हणाले. "पैंट कौन फाड़ता है? अपना ही दूसरा पैर." मग त्यांनी एका पँटीचा पाय उचलून घोट्याची आतली बाजू दाखवली. स्कीची कड सुरीसारखी असते. नवशिक्यांचे पाय एकमेकांवर चढतात आणि पहिला घाव तिथेच बसतो. म्हणून तिथे वेगळं, ताडपत्रीसारखं जाड कापड लावलेलं हवं. ते नसेल तर बाकीचं कितीही भारी असो, एका मोसमात चिंध्या.

नवऱ्याने तक्त्यात पहिली आलेली पँट मागितली. दिसायला देखणी होती. मी ती हातात घेतली आणि सवयीने उलटी केली. माझ्या माहेरी माग होते. वडील म्हणायचे, कापड उजेडात धरून बघावं आणि शिवलेला कपडा उलटा करून. सुलटी बाजू विकणाऱ्याची, उलटी आपली. मी पँट आतून बाहेर काढली आणि प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवत गेले. सुईने जेवढी भोकं पडतात तेवढ्या पाण्याला वाटा, म्हणून असल्या कपड्यात शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात. या पँटीला मांडीच्या शिवणीवर पट्टी होती, पण बैठकीपाशी, जिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे ती कोपऱ्यातून सुटायला लागली होती. नखाने उचलली तर उचलली गेली.

"ही टिकणार नाही," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग तक्त्यातली पहिली ओळ लाल केली.

मग मला चेवच आला. रांगेतल्या सगळ्या पँटी मी एकेक करून उलट्या केल्या. एकीच्या मांडीची चेन दोनदा अडकली, ती बाद. एकीचं कापड पातळ, चिमटीत धरून ताणलं की उजेड दिसायचा. एकीला सगळं होतं, पण खालची आतली झालर, जी बुटावर घट्ट बसून बर्फ आत येऊ देत नाही, तिचं रबर ढिलं. नेपाळी गृहस्थांनी आधी मला थांबवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच एकेक पँट काढून द्यायला लागले. शेवटी एक काळी राहिली. साधी, चमक नसलेली. कापडात बारीक बारीक चौकटी विणलेल्या, म्हणजे एखादा धागा तुटला तरी फाट पुढच्या चौकटीवर अडते. शिवण न् शिवण झाकलेली, घोट्याला जाड ठिगळ, गुडघ्याला मुद्दाम सोडलेला झोळ. तक्त्यात ती सातवी होती.

अडचण एकच होती. तिला कमरेला पट्टा नव्हता. वर छातीपर्यंत कापड आणि खांद्यावर पट्टे, डांगरीसारखी. नवरा म्हणाला, "अगं, ही कशी चालेल तुला?" आणि माझ्या लक्षात आलं की मला हीच चालेल. माझ्या पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत ऑपरेशनचा व्रण आहे. कमरेचं कुठलंही बक्कल नेमकं त्याच्यावर बसतं आणि दिवसभर टोचतं. वर्षभर मी नाडीचे नाहीतर इलॅस्टिकचे कपडे घालत होते. इथे सगळा भार खांद्यावर, पोट मोकळं. मी ती उचलली आणि ट्रायल रूमकडे गेले.

आम्ही आलो तेव्हा इथल्या दुकानांत बायकांसाठी ट्रायल रूम नसायच्या. कपडा घरी न्यायचा, घालून बघायचा, नाही बसला तर परत आणायचा. त्यामुळे माप मी नजरेनेच घ्यायला शिकले होते, आणि वरून घालायच्या काळ्या पायघोळ अबायाच्या आत कोणाचं लक्ष जातंय! तो आता सक्तीचा राहिलेला नाही. तरी मी तो आजारपणात सोडला नव्हता, कारण आत माझं काय झालंय ते त्यातून दिसत नसे. ट्रायल रूममध्ये तीन बाजूंना आरसे होते. अबाया काढून खुंटीला लावला आणि कित्येक महिन्यांनी मी स्वतःला पुढून, मागून, बाजूने पाहिलं. बारा किलो गेले होते माझे. खांद्याची हाडं वर आलेली, मांड्या सुकलेल्या. आरशातली बाई मला माझ्या थोरल्या मावशीसारखी दिसली. पण ती उभी होती सरळ. मी पट्टे खांद्यावर घेतले, चेन ओढली, उठाबशा काढल्या, एक पाय बाकावर टाकून वाकले. कुठे टोचलं नाही, कुठे ओढलं नाही.

बाहेर आले. नेपाळी गृहस्थांनी खाली बसून पायाची लांबी पाहिली, गुडघा वाकवायला लावला, आणि समाधानाने मान डोलावली. "परफेक्ट. स्मॉल साइज़. बिलकुल आपके नाप का."

"अगदी मापात बसली," नवरा म्हणाला. तो खूश होता.

मी कमरेपाशी दोन बोटांनी कापड धरून पाहिलं. खरंच मापात होती, चिमटीतही येईना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, लेकीचे गणवेश आणि फ्रॉक घेताना वर्षानुवर्षं प्रत्येक दुकानात म्हटलेलं, फक्त या वेळी मोडक्या हिंदीत:

"एक साइज़ बड़ा दीजिए. बढ़ते अंग का चाहिए."

त्यांना कळेना. वाढत्या अंगाचे कपडे ही आपली भाषा. हिंदीत असं कोणी म्हणतं की नाही देव जाणे. "बच्ची के लिए ले रही हैं?" त्यांनी विचारलं.

"नहीं. मेरे लिए."

ते हसले, अगदी आदराने हसले. "मैडम, आप और कितना बढ़ेंगी?"

"बारह किलो," मी म्हटलं.

मी ते विचार करून म्हटलं नव्हतं. कोणी गणित विचारलं की उत्तर द्यायची सवय आहे, तसं दिलं. आणि मग तिथेच, पट्टे खांद्यावर घेऊन उभी असताना, मी काय बोलले ते मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून समजावलं होतं, लेक रोज सांगत होती, आणि मी त्यांतलं काही खरं मानलं नव्हतं. आता मात्र मीच पुढच्या वर्षीच्या माझ्या कमरेसाठी कापड मागत होते. मी जगणार आहे, हे मी नकळत धरूनच चालले होते. इतकं हलकं मला ऑपरेशनच्या आधीपासून वाटलं नव्हतं.

"तो फिर मीडियम," ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. त्यांना थट्टा वाटली असावी, किंवा नसावी. "लेकिन लंबाई छोटी वाली दूँगा. नीचे लटकेगा तो कट जाएगा." आणि ते आत शोधायला गेले.

मी नवऱ्याकडे वळले. तो जॅकेटांच्या रांगेसमोर पाठ करून उभा होता आणि एकामागून एक हँगर सरकवत होता, जणू त्याला तातडीने जॅकेट हवं होतं.

"अरे," मी हाक मारली.

"बारा नको," तो मागे न वळता म्हणाला. "दहा पुरेत. बारा झाले तर पट्टे तुटतील."

आणि तिथेच, भर दुकानात, टांगलेल्या एका जॅकेटच्या बाहीत तोंड खुपसून, तो माणूस हमसून हमसून रडायला लागला.